आधी तिन्ही डार्ट एका बांगडीत

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय. थोडक्यात प्रश्न असा: नवऱ्यानं गोव्याहून डार्टबोर्ड, म्हणजे हातानं छोटे बाण फेकून नेम धरायचा गोल बोर्ड, आणला आणि सोप्यात टांगला. त्यांचा उत्साह आठ दिवसांत संपला, ताईंना मात्र गोडी लागली. पण निम्मे डार्ट बोर्डावर आपटून खाली पडतात, आजूबाजूच्या डिस्टेंपरची चाळण झालीय, आणि तिसरा डार्ट हमखास डावीकडं खाली जातो. डार्ट किती वजनाचे घ्यावेत, धरायचे कसे, रोज किती वेळ खेळावं? वय 38, आता शिकून येतं का? आणि शेवटी, सासूबाई म्हणतात हा दारूच्या गुत्त्यातला खेळ, त्यांना काय सांगू?

ताई, सासूबाईंपासूनच सुरू करतो, कारण बोर्ड त्यांच्या सोप्यात आहे. त्या म्हणतात त्यात खोटं काही नाही. हा खेळ वाढला तो इंग्लंडच्या पबमध्येच. पण आता त्यांना एवढं सांगा की जानेवारी 2025 मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये ल्यूक लिटलर नावाचा पोरगा मायकेल व्हॅन गर्वेनला 7-3 हरवून जगज्जेता झाला, तेव्हा तो 17 वर्षांचा होता. तिथल्या कायद्यानं त्याला दुकानातून बिअर विकत घेता येत नव्हती. त्याच स्पर्धेत डिसेंबर 2019 मध्ये फॅलन शेरॉक या बाईनं लागोपाठ दोन पुरुषांना घरी पाठवलं होतं, आणि आपल्या देशातला नितीन कुमारही तिथं खेळून आलाय. वयाचं म्हणाल तर फिल टेलरनं सोळावं जागतिक विजेतेपद 2013 मध्ये घेतलं, तेव्हा तो 52 वर्षांचा होता. या खेळात गुडघे लागत नाहीत, दम लागत नाही. चष्मा लागला तरी चालतो. 38 म्हणजे तुम्ही लवकरच आलात म्हणायचं.

आता माझं. मी बेळगावात उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेला माणूस. डार्ट हातात आले ते कॅम्पात, लष्करातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांच्या व्हरांड्यात. त्यांच्याकडं मी पंप दुरुस्त करायला गेलो होतो, पंप राहिला बाजूला. त्याला वीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून गल्लीतल्या पोरांना, कारखान्यातल्या गड्यांना शिकवत आलोय, आणि प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. ती लेथवरची आहे, पण तुम्हाला लगेच कळेल.

माझ्याकडं एकदा दोन नवीन पोरं कामाला होती. दोघांनाही 25 मिमीची पिन काढायला दिली. पहिल्याच्या दहा पिना व्हर्नियरनं मोजल्या तर सगळ्या 25.20. दुसऱ्याच्या मोजल्या तर एक 24.90, एक बरोबर 25, एक 25.15, एक 24.80. दुसऱ्याची एक तरी बरोबर आली, पहिल्याची एकही नाही. तरी मी शाबासकी पहिल्याला दिली. त्याचं टूल तेवढं पुढं सरकवलं की अकरावी पिन बरोबर येणार होती. दुसऱ्याचं काय सरकवणार? लेथवर काम पकडून ठेवणारं त्याचं चकच ढिलं होतं.

डार्टमध्ये नवीन माणूस दुसऱ्या पोरासारखा असतो. तीन डार्ट टाकतो, एक चुकून बुलमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मधोमधच्या ठिपक्यात, बसतो, तो खूश होतो आणि बाकीचे दोन विसरतो. तुम्ही उलटं करायचं. बुलमध्ये किती बसले ते पहिला महिनाभर बघायचंच नाही. तिन्ही डार्ट एकमेकांच्या जवळ पडतायत का, एवढंच बघायचं. मग ते 3 वर पडोत नाहीतर भिंतीवर. एकाच ठिकाणी चुकणाऱ्याला नेम शिकवता येतो.

त्यासाठी हात सोडून बाकी सगळं पक्कं जागच्या जागी पाहिजे. म्हणून आधी बोर्ड.

तुमचे डार्ट पडतात त्याचं पहिलं कारण बहुतेक बोर्डच असणार. गोव्याच्या बाजारात खेळण्याच्या दुकानात मिळतात ते पुष्कळसे बोर्ड कागदाची पट्टी गुंडाळून केलेले असतात. ओळखायचं कसं? कडेला नखानं जरा खरवडा. कागदाचे थर सुटले तर तो खेळणं आहे, पोराला द्या. खरा बोर्ड सिसलच्या वाखाचा असतो. सिसल म्हणजे आपल्या शेताच्या बांधावरच्या घायपाताचा भाऊ. त्याचे दोरे आखूड कापून, उभे ठेवून, प्रचंड दाबानं कड्यात आवळलेले असतात. केसांच्या ब्रशमध्ये सुई खुपसल्यासारखा डार्ट दोऱ्यांच्या मधून आत जातो, काढला की दोरे परत मिटतात. म्हणून भोक राहत नाही. 1930च्या दशकात इंग्लंडच्या नोडोर कंपनीनं हा प्रकार आणला. त्याआधी एल्मच्या लाकडाचे बोर्ड असत आणि भोकं बुजावीत म्हणून ते रात्री पाण्यात भिजत घालत. कुठं हा सल्ला ऐकलात तर तुमच्या बोर्डाला लावू नका. वाखाच्या बोर्डाला पाणी दाखवलंत की तो फुगतो, मधून पोट सुटतं, आणि ते पोट परत आत जात नाही. खानापूरचा पाऊस मी जांबोटीच्या रस्त्यावर भिजून अनुभवलाय. जूनपासून पुढं बोर्ड बाहेरच्या भिंतीवर ठेवूच नका, आतल्या कोरड्या भिंतीवर घ्या. चुलीजवळही नको, दोरे ठिसूळ होतात.

बोर्ड वाखाचाच निघाला तर मग तारा बघा. आकड्यांच्या मधल्या तारा गोल, जाड आणि स्टेपलनं ठोकलेल्या असतील तर डार्ट त्यांच्यावर आपटून उडणारच. पात्यासारख्या पातळ तारा असलेला बोर्ड महाग पडतो, पण आयुष्यात एकदाच घ्यायचाय. तेवढे पैसे डार्टपेक्षा बोर्डावर घाला, असं माझं मत आहे. दुकानदार उलटं सांगेल.

टांगायची मापं ठरलेली आहेत. जमिनीपासून बुलच्या मध्यापर्यंत 5 फूट 8 इंच, म्हणजे 1.73 मीटर. उभं राहायची रेषा बोर्डापासून 7 फूट सव्वानऊ इंच, म्हणजे 2.37 मीटर. इंग्रज या रेषेला ऑकी म्हणतात, आपण रेघ म्हणू. इथं सगळेजण एक चूक करतात. टेप भिंतीला लावून मोजतात. माप बोर्डाच्या तोंडापासून आहे, भिंतीपासून नाही. बोर्ड दीड इंच जाड, मागं अडकवायचं कडं असेल ते वेगळं. म्हणजे तुम्ही दोन इंच पुढं उभ्या राहून शिकणार आणि दुसऱ्याच्या घरी गेलात की सगळं खाली पडणार. गवंड्याचा ओळंबा असेल तर तो बोर्डाच्या तोंडावरून खाली सोडा, जमिनीवर खूण करा, तिथून 2.37 मोजा. नसेल तर दोऱ्याला नट बांधा. मग पडताळा घ्या: बुलच्या मध्यापासून रेघेपर्यंत तिरपा दोरा 2.93 मीटर भरला पाहिजे. भरला तर उंची आणि अंतर दोन्ही बरोबर. सोप्याची फरशी उताराची असते, त्यामुळं हा तिरपा दोरा नक्की लावून बघा. रेघ म्हणून खडू नको, पुसला जातो आणि माणूस नकळत पुढं सरकतो. लाकडाची पट्टी ठोका, पायाला लागली पाहिजे.

20चा आकडा वर, बरोबर मध्यावर. आकड्यांचं तारेचं कडं सुटं असतं, ते फिरवता येतं. वर्षभरात 20चा पट्टा झिजतो, तेव्हा बोर्ड फिरवून ताजा पट्टा वर आणायचा आणि कडं परत जागेवर बसवायचं. फिरवताना दोन घरं फिरवा, एक नाही, कारण 20 काळ्या पट्ट्यावरच यायला पाहिजे.

भिंतीसाठी 4 बाय 4 फुटाचा प्लाय घ्या, त्यावर पोतं दुहेरी करून ठोका आणि बोर्ड त्याच्यावर टांगा. खाली फरशीवर घोंगडं टाका. दगडी फरशीवर पडून डार्टचं टोक मोडतं, आणि मोडक्या टोकाचा डार्ट परत बोर्डावरून उडतो, परत फरशीवर पडतो, असं ते रहाटगाडगं आहे. टोकाला बोट लावून बघा, वाकलं असेल किंवा हुकासारखी कड आली असेल तर कानसेनं किंवा पॉलिश पेपरनं गोल फिरवून साफ करा. सुईसारखं धारदार करायचं नाही हं, तेवढं टोकदार असलं तर ते तारेत रुततं आणि तार उचलतं. आणि पायात चप्पल ठेवा. उडालेला डार्ट टोक खाली करूनच येतो. पोराला बाजूला नाही, तुमच्या मागं उभं करा.

आता डार्ट. त्याचे चार भाग: टोक, मधला धातूचा बॅरल, मागची दांडी आणि पंख. वजन सगळं बॅरलमध्ये. नियमानं 50 ग्रॅमपर्यंत चालतं, पण खेळणारे बहुतेक 21 ते 26 मध्ये असतात. तुम्ही 23 किंवा 24 घ्या आणि सहा महिने बदलू नका. बोर्डाबरोबर फुकट आलेले सहसा 16-18 ग्रॅमचे असतात, हलका डार्ट पोचवायला माणूस हिसका देतो आणि हिसक्याची सवय लागली की सुटत नाही. पितळी की टंगस्टन? पितळ स्वस्त, पण हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाचा बॅरल जाड होतो, साधारण 8 मिमी. टंगस्टनची घनता पितळेच्या दुपटीहून जास्त, त्यामुळं तोच बॅरल साडेसहाच्या आसपास बसतो. ट्रिपलचा पट्टा, म्हणजे आकड्याचे तिप्पट गुण देणारी आतली पट्टी, 8 मिमी रुंद आणि जेमतेम सव्वातीन सेंमी लांब असतो. तिथं तीन जाड बॅरल दाटीवाटीनं बसतात आणि तिसरा पहिल्या दोघांवर आपटतो. पण तुमचे तीन डार्ट एका ट्रिपलमध्ये जाऊ लागेपर्यंत पितळेवर काही अडत नाही. तेव्हा बघू.

पितळेचे बॅरल मी स्वतः काढलेत म्हणून एक किस्सा सांगतो, तुम्हाला उपयोग होईल. सुभेदारांचे डार्ट बघून मला वाटलं, एवढं काय त्यात, संध्याकाळी लेथवर तीन काढतो. 8 मिमीचा पितळी बार घेतला, पकडीसाठी बारीक खाचा पाडल्या, मागं दांडी बसवायला आटे पाडले, एम-5चा, म्हणजे 5 मिमीचा, टॅप लावून. दिसायला झकास. पहिल्याच फेकीत दांडी पंखासकट सुटली आणि बॅरल एकटाच प्लायवर आपटून माझ्याकडं परत आला. तीन दिवस मी आट्यांना दोष देत होतो. शेवटी दांडी मोजली तर ती 4.7 मिमीची. डार्टचे आटे जुन्या ब्रिटिश मापाचे असतात, 2-बीए म्हणतात, पिच, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर, 0.81. एम-5चं पिच 0.8. पिच जवळजवळ सारखं, म्हणून दांडी आत जाते, बसल्यासारखी वाटते, पण आत डुलत राहते. मग जुन्या हत्यारांच्या दुकानात धुंडाळून 2-बीएचा टॅप मिळवला. आणि तिन्ही बॅरल सराफाच्या काट्यावर ठेवले तर एक 22, एक 23, एक साडेचोवीस! तीन वेगळे डार्ट घेऊन मी माझ्या हातात खोट शोधत होतो. तर ताई, तुमचे जे काही डार्ट असतील ते कुठल्याही सराफाकडं काट्यावर ठेवून बघा. तिघांत अर्ध्या ग्रॅमहून जास्त फरक असेल तर ते शिकायचे डार्ट नव्हेत. आणि प्रत्येक फेरीआधी दांड्या बोटानं आवळायची सवय लावा, त्या सुटतातच.

धरायचं कसं, हे कागदावर सांगणं अवघड, पण तुम्हाला सोपं जाईल. तुम्ही दारात रांगोळी काढत असाल. चिमूट घट्ट आवळली तर रांगोळी सुटत नाही, सैल सोडली तर ढीग पडतो. मधली जी पकड असते, ज्यात रेघ बारीक आणि सलग येते, तीच इथं. बॅरल आडवा बोटावर तोलून बघा, कुठं समतोल राहतो ती जागा शोधा, तिथं अंगठा आणि खालून पहिली दोन बोटं. तिसरं बोट टोकाजवळ टेकलं तर टेकू द्या. चौथं मुठीत वळवू नका, वळवलं की सगळा पंजा आवळतो. टोक किंचित वर, खाली झुकलेलं नको. पकड कुणाचीही नक्कल करून घेऊ नका, टीव्हीवरच्या दहा खेळाडूंच्या दहा पकडी आहेत. तुमच्या हाताला न सांगता जी येते ती, फक्त रोज तीच. हातातल्या बांगड्या काढायची गरज नाही. काढायच्या तर रोज काढा, ठेवायच्या तर रोज त्याच ठेवा.

उजव्या हाताच्या असाल असं धरतो. उजवा पाय पुढं, पट्टीला टेकून, जरा तिरपा. वजन बरंचसं पुढच्या पायावर, मागचा पाय तोल सांभाळायला. फार पुढं वाकू नका, पाच मिनिटांत कंबर बोलायला लागते आणि मग शरीर हलतं. पदर खोचून घ्या.

फेक. कैऱ्या पाडायला दगड मारतो तसं खांद्यातून मारायचं नाही. खांदा झोपलेला, कोपर समोर उचललेलं, आणि कोपरापासून पुढचा हात दाराच्या बिजागरीसारखा. डार्ट गालाजवळ मागं आणा, क्षणभरही थांबला नाहीत तरी चालेल पण घाई नको, आणि पुढं सोडा. सोडताना हात तिथंच थांबवायचा नाही, बोटं नेमाकडं लांब जाऊ द्यायची, जणू बोर्डाला हात लावायचाय. हात मधेच थांबला की डार्ट डोलतो. जोर लागत नाही, सव्वादोन-अडीच मीटरला काय जोर लागायचा? डार्ट जरा वरून वळण घेऊनच जातो, त्याला सरळ रेषेत हाणायला जाऊ नका. पहिले काही दिवस तुम्हाला वाटेल की फारच हळू गेला. तसंच पाहिजे.

तुमचा तिसरा डार्ट डावीकडं खाली का जातो, ते मी न बघता सांगतो. तो सुटायच्या आधीच तुम्ही डार्ट काढायला निघालेल्या असता. मन पहिल्या दोघांकडं, पाय रेघेपुढं, त्यामुळं खांदा फिरतो, कोपर पडतं, डार्ट उशिरा सुटतो आणि हात छातीकडं ओढला जातो. म्हणून डावीकडं आणि खाली. हे माझंही होतं. सुभेदार माझ्या मागं उभे राहून तिसऱ्या डार्टनंतर मोठ्यानं "एक, दोन" म्हणायचे, आणि दोन झाल्याशिवाय पाय उचलू द्यायचे नाहीत. तुम्ही मनात म्हणा. आठ दिवसांत बऱ्यापैकी सुधारेल. सासूबाईंना म्हणायला लावलंत तर त्यांनाही खेळात घेतल्यासारखं होईल.

आता सराव, आणि इथं ती बांगडी येते. मागच्या वर्षीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक पान काढा. कोरी बाजू वर करून चार टाचण्यांनी बोर्डावर लावा, म्हणजे आकडे झाकले जातील. मध्यावर पेनानं एक ठिपका. त्या ठिपक्याकडं बघत तीन डार्ट टाका, काढा, आणि कागदावरच्या तीन भोकांना पेनानं जोडा. मग त्यावर चहाच्या डब्याचं झाकण ठेवा. तिन्ही भोकं झाकणाखाली गेली तर ती फेरी पास. ठिपका झाकणाबाहेर राहिला तरी पास. पुढच्या फेरीला ठिपका थोडा हलवा म्हणजे भोकांची गल्लत होणार नाही. वीस-पंचवीस मिनिटांत बारा-पंधरा फेऱ्या होतात. त्यातल्या किती पास झाल्या तेवढं कागदाच्या कोपऱ्यात तारीख टाकून लिहा. त्याहून जास्त वेळ खेळू नका. दमलेला हात वेगळी फेक शिकतो. रविवारी तीन तास खेळण्यापेक्षा रोज संध्याकाळी आमटीला उकळी येईपर्यंत खेळलेलं बरं.

दहातल्या सात फेऱ्या झाकणात बसायला लागल्या की झाकण बाजूला ठेवा आणि अडीचची बांगडी घ्या, कासाराचं अडीच माप. आतून सुमारे 63 मिमी भरते. आमच्या कारखान्यात भोकाचं माप तपासायला गेज असतं, एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. तुमची बांगडी म्हणजे तसंच गेज. बोर्डाच्या बाहेरच्या कडेला एका आकड्याची रुंदी 5 सेंमीच्या जरा वर आहे, म्हणजे बांगडीत बसणारी बाई एक आकडा ठरवून गाठण्याच्या अगदी जवळ आलेली असते. इथपर्यंत यायला कुणाला दीड महिना लागतो, कुणाला चार. माझ्याकडं एक वेल्डर आला होता, दहा दिवसांत बांगडीत बसला. पण नंतर त्यानं डार्ट बदलले, मग पकड, मग उभं राहणं, सगळं एकदम. अजून डब्याच्या झाकणावर आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मी त्याला सांगून दमलो. सगळी भोकं उजवीकडं जातायत? रेघेवर पाय चार बोटं डावीकडं सरकवून उभ्या राहा, बाकी काही हलवू नका, आठवडाभर बघा. सगळी खाली जातायत? ठिपक्याच्या जरा वर बघा. झालं.

कागद काढल्यावर कुठं नेम धरायचा? सगळे 20च्या ट्रिपलकडं धावतात, कारण तिथं 60 मिळतात. पण बोर्ड मांडणाऱ्यानं लबाडी केलीय, 20च्या एका बाजूला 1 आणि दुसऱ्या बाजूला 5 ठेवलाय. नवशिक्याचे डार्ट दोन्हीकडं जातात, तिन्ही मिळून बेरीज 26. त्यापेक्षा डावीकडच्या 14कडं बघा. शेजारी 9 आणि 11, बेरीज 34. डावी बाजू चुका सांभाळून घेते. हात बसला की 19वर या, 3 आणि 7 शेजारी असले तरी बेरीज 29 भरते. 20 सगळ्यात शेवटी. स्पर्धा बघून लगेच 20वर हाणणारी पोरं मी पुष्कळ पाहिलीत, महिनाभर 1 आणि 5 गोळा करतात आणि बोर्ड विकायला काढतात.

खेळायचा खरा डाव म्हणजे 501. प्रत्येकाचे 501, तीन-तीन डार्ट, मिळतील ते वजा करत जायचं, आणि शेवट बरोबर शून्यावर, तोही डबलवर. डबल म्हणजे आकडा दुप्पट धरायची बाहेरची अरुंद पट्टी, किंवा मधला लाल बुल, जो 50चा म्हणजे 25चा डबल धरतात. जास्त वजा झालं किंवा 1 उरला तर ती फेरी बाद. कमीत कमी नऊ डार्टमध्ये डाव संपतो. टीव्हीवर तसा पहिला डाव जॉन लोव्हनं ऑक्टोबर 1984 मध्ये संपवला. तुमचा पहिला साठ-सत्तर डार्ट खाईल, त्यातले तीस डबल शोधण्यात जातील. घाबरू नका, सगळ्यांचं तसंच.

म्हणून शेवटी 32 उरेल असं बघत या. डबल 16 मारायचा. चुकून आत साध्या 16ला लागला तर उरले 16, म्हणजे डबल 8. परत आत चुकला, उरले 8, डबल 4. मग डबल 2, मग डबल 1. अर्धं-अर्धं करत चार वेळा माफी मिळते. 20च्या डबलला ती सोय नाही: 40, 20, 10, आणि मग 5 उरतात, विषम, परत एक डार्ट वाया घालवून जमवायला लागतं.

हिशोबाला मोबाइल घेऊ नका. खडू-पाटी घ्या. पाढे आता कामाला येतील: सतरा त्रिक एकावन्न, अठरा त्रिक चोपन्न, एकोणीस त्रिक सत्तावन्न. आमच्या कारखान्यात मोजणारा गडी हुक्केरीकडचा, कन्नड बोलणारा. कुणी तीन ट्रिपल 20 मारले की तो "नूर एंबत्तू!" म्हणून ओरडतो आणि आम्ही मराठी गडीसुद्धा आता 180ला एकशेऐंशी म्हणत नाही. तसं ते वर्षातून दोनदाच ओरडायला मिळतं. पण वजाबाकीचं भांडण झालं की तो कन्नडमध्ये मोजतो, मी मराठीत, आणि उत्तर बऱ्याचदा वेगळंच निघतं.

मुलाला बरोबर घ्यायचं असेल तर 1पासून 20पर्यंत क्रमानं लागेल तसं पुढं जायचा खेळ खेळा, शेवटी बुल. आकडे बोर्डावर कुठं आहेत ते त्यात न पाठ करता पाठ होतं, आणि पोरगं तुम्हाला हरवेल, त्याची तयारी ठेवा.

पहिला महिना झाला की ते कॅलेंडरचे कागद टाकू नका. कधी बेळगावला आलात तर घेऊन या. तुमचा हात बघण्यापेक्षा मला ती भोकं जास्त सांगतील. आणि भिंतीची भोकं आत्ताच बुजवू नका. प्लाय लावलात तरी अजून पडणार आहेत, दिवाळीच्या रंगात सगळी एकदमच बुजवा.